मूळ नाव

फॉर्म भरायची मला भीती वाटते, असं सांगितलं की लोक हसतात. कुत्र्याची, पालीची, इंजेक्शनची भीती त्यांना चालते. मी इंदापुरात एका लॅबमध्ये रक्त काढते, त्यामुळं सुईला घाबरणारे पैलवान रोज बघते आणि त्यांना कधी हसत नाही. पण संगणकावर रिकामी चौकट उघडली आणि तिच्या डोक्यावर 'उमेदवाराचे नाव' असं दिसलं, की माझ्या तळहातांना घाम सुटतो. हे कुणाला सांगायची सोय नाही.

आणि दोन वर्षांत मी एकसष्ट फॉर्म भरले होते. सरकारी, निमसरकारी, ट्रस्टचे, कंपन्यांचे. प्रत्येक ठिकाणी तेच. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, दहावीचे गुण, बारावीचे गुण, लॅबच्या कोर्सचे गुण. मागच्या महिन्यात सांगितलेला बाप या महिन्यात बदलणार असल्यासारखं पुन्हा पुन्हा विचारायचं. फोटो पन्नास केबीच्या आत, सही वीस केबीच्या आत. वीस केबीत बसवलेली सही मेलेल्या डासासारखी दिसते. सगळं भरून शेवटच्या पानावर यावं, तर साइट म्हणणार, तुमची वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. डोकं फिरायचं माझं. तरीही मी प्रत्येक फॉर्म तीनदा वाचूनच पाठवायचे आणि त्याला कारण होतं.

माझं नाव प्रतिक्षा गेणू बोराटे. शुद्धलेखनवाले म्हणतात, त्यातली वेलांटी दुसरी हवी. पण गॅझेटात पहिली छापून आली, म्हणून मी जन्मभर पहिली. नाव बदललं की सरकारच्या गॅझेटात छापून घ्यावं लागतं. त्याआधी पंधरा वर्षं माझं नाव नकोशी होतं. दोन मुलींवर तिसरी झाले, आता आणखी मुलगी नको, म्हणून नकोशी. या नावाच्या बाया अजूनही सापडतात, मी काही एकटी नाही. शाळेत हजेरी घेताना सर माझ्या नावापाशी आले की मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. मग मी "हजर" इतकं हळू म्हणायचे की कितीदा तरी गैरहजर लागले.

दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी आमच्या वर्गशिक्षिका मालतीबाई यांनी कागदावर तीन नावं लिहून दिली आणि म्हणाल्या, "निवड." मी त्यातलं सगळ्यात अवघड निवडलं. सोपं नाव कुणीही येता-जाता ठेवल्यासारखं वाटतं. माझं नाव कुणीतरी विचार करून ठेवलंय, असं वाटायला हवं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, नरसिंहपूरजवळ पेरूची बाग आणि भेंडी करतात. नानांनी गॅझेटच्या अर्जावर मुकाट्यानं सही केली. पण त्यानंतर बारा वर्षांत मला नव्या नावानं एकदाही हाक मारली नाही. जुन्याही नाही. "अगं ए", "पोरी", "हिकडं बघ", एवढ्यावर भागवलं. आई होती तोवर ती "बाय" म्हणायची. मला वाटायचं, नानांनी कागदावर सही केली, मनात काही केली नाही. विचारायचं धाडस झालं नाही. आणि इंदापुरात तर माझं जुनं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

मार्चमध्ये आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की ते पुण्याला चाललेत, लॅब मेअखेर बंद. लॅबमध्ये आम्ही दोघी, मी आणि अश्लेषा. अश्लेषा इथल्याच एका प्राध्यापकांची मुलगी, मनानं साफ, तोंडानं सैल. तिचा भाऊ निहार पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमचं रोजचं फॉर्मपुराण ऐकून त्यानं संगणकावर चालणारी एक गोष्ट बनवून दिली. तिचं नावच 'एकदाच'. आपल्याबद्दल जगात कुणीही जे विचारू शकेल, ते सगळं तिच्यात एकदाच भरायचं. मग कुठलाही फॉर्म उघडा, ती चौकटीवरचे शब्द वाचणार आणि जुळणारं उत्तर टाकणार.

एका रविवारी मी ते भरायला बसले. खूप खाली गेल्यावर एक चौकट आली, 'मूळ नाव (बदलले असल्यास)'. काही सरकारी फॉर्मांमध्ये ते विचारतात, निहारनं बरोबर लक्षात ठेवलं होतं. अश्लेषा माझ्या खुर्चीमागंच उभी होती. मी तिला चहा सांगायला पाठवलं. ती दाराबाहेर गेली आणि मी भराभर तीन अक्षरं टाकून पुढं सरकले. बारा वर्षांनी बोटांनी ते नाव लिहिलं होतं. चहा येईपर्यंत मी शिक्षणाच्या पानावर पोचले होते.

त्यानंतर काय, मजाच झाली. पूर्वी ज्या फॉर्मला दीड तास जायचा तो चाळीस सेकंदांत. दुपारच्या डब्याच्या वेळात मी पाच-पाच फॉर्म पाठवायला लागले. घाम सुटायचा बंद झाला, कारण नावाच्या चौकटीकडं बघायचंच बंद झालं. आपली भीती गेली असं मला वाटलं. फॉर्मही वाचायचे बंद केले होते, हे मात्र लक्षात आलं नाही.

बारामतीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलची यादी मंगळवारी आली. लॅब टेक्निशियनच्या चार कायम जागा. परीक्षा नाही, गुणांवर निवड. आसपासच्या दोन-तीन तालुक्यांत एवढ्याच कायमच्या जागा होत्या आणि माझे गुण चांगले होते. अश्लेषानं मोबाइलवर यादी उघडली आणि ओरडलीच.

"पाचवी! अगं मी पाचवी! वरची एक जरी गळली ना, तर माझी वर्णी लागली!"

"माझं?" मी विचारलं.

तिनं वरपासून खालपर्यंत दोनदा बोट फिरवलं. "नाही गं. प्रतिक्षा नाहीच कुठं." मग ती थांबली आणि हसली. "हे बघ, तीन नंबरला. काय नाव आहे! नकोशी गेणू बोराटे. आजच्या काळात कोण असलं नाव ठेवतं? तुमच्या भावकीतली आहे का?"

माझ्या हातात रक्ताची नळी होती. ती मी नीट स्टँडमध्ये ठेवली.

"असेल," मी म्हणाले.

दुपारी अश्लेषा जेवायला गेल्यावर मी माझा पाठवलेला अर्ज उघडला. त्या हॉस्पिटलच्या फॉर्मवर पहिल्या तीन चौकटी होत्या, मूळ नाव, वडिलांचे नाव, आडनाव. त्यांना म्हणायचं होतं, आडनाव सोडून स्वतःचं नाव. 'एकदाच'ला ते कसं कळावं? तिच्याकडं 'मूळ नाव' या शब्दांची एक चौकट होती आणि तिच्यात एक उत्तर होतं. तिनं शब्दाला शब्द जुळवला आणि ते टाकलं. मी, जी प्रत्येक नळीवरचं पेशंटचं नाव दोनदा वाचते, एकदा लिहिताना आणि एकदा मशिनमध्ये ठेवताना, कारण नाव चुकलं तर माणूस जिवानिशी जाईल, त्या मीच स्वतःचं नाव न वाचता बटण दाबलं होतं.

यादीखालच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा कारकून चांगला बोलला.

"दुरुस्तीची मुदत संपली, ताई. गुरुवारी दहाला पडताळणी आहे, गॅझेटची प्रत घेऊन या. आणि आई किंवा वडील, कुणीतरी ओळख पटवायला हवं."

"कागद पुरणार नाहीत का?"

"मागच्या खेपेला एकीच्या कागदांवर दुसरीच कामाला लागली होती. तेव्हापासून साहेब फार कडक झालेत. वडिलांना समोर उभं करून मुलीची माहिती विचारतात. नाव, जन्म, शाळा. अडखळले की नाव कट करतात, पुढच्या नंबरला घेतात. वडिलांना सगळं नीट पाठ करून आणा."

पाठ करून आणा! ज्या माणसानं बारा वर्षांत माझं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही, तो परक्या साहेबापुढं काय सांगणार होता? घाईगडबडीत जुनंच निघून गेलं तर? तीन अक्षरांत सगळं संपलं असतं. दुसरीकडं असंही वाटत होतं की जाऊच नये. गैरहजर लागेल, अश्लेषा चौथी होईल, आणि ती नकोशी कोण होती हे कुणालाही कळणार नाही. लॅब बंद झाली की मी गावी जाईन, भेंडी तोडेन. दोन्ही गोष्टींची भीती सारखीच वाटत होती.

शेवटी नानांना फोन लावला.

"नाना, गुरुवारी बारामतीला यायला लागंल."

"कशापायी?"

"नावाचं काम हाय. नोकरीचं. साहेब तुमाला इचारणार हायेत."

 पलीकडून पंपाचा आवाज येत होता.

"येतो," नाना म्हणाले. कुठल्या नावाचं, ते त्यांनी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी ते गावाकडच्या पहिल्या गाडीनं इंदापूरच्या स्टँडवर उतरले. पांढरे कपडे, धुतलेली टोपी, आणि बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं गॅझेट. बारामतीच्या गाडीत त्यांनी खिडकी धरली. निमगाव केतकी गेलं. मग माझं लक्ष गेलं, तर नाना बाहेर बघत ओठ हलवत होते. आवाज नाही, नुसते ओठ. आमच्या गावचा देव नरसिंह, त्याचंच नाव घेत असतील असं वाटलं. वाटलं, देवाचं नाव घ्यायची वेळ यांच्यावरही आलीच.

"नाना, साहेब माझं नाव इचारतील."

"म्हाईत हाय."

"नवं सांगायचं."

"म्हाईत हाय म्हनलं न्हवं."

एकदा म्हणून दाखवा, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण म्हणता आलं नाही तर काय करायचं? मग बारामतीपर्यंत मला गाडीत बसवलं नसतं. लासुर्णे गेलं तरी त्यांचे ओठ हलतच होते.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर मोठा हॉल होता. खुर्च्या मांडल्या होत्या, पुढं टेबल, टेबलामागं चष्मा लावलेले साहेब, शेजारी माइकवाला कारकून. आम्ही बसतोय तोच अश्लेषा आली.

"अगं, तू इथं कशी? तुझं तर नाव नव्हतं!"

"नानांना दवाखान्यात दाखवायचं होतं," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. "म्हटलं तुझं बघू काय होतंय."

"बरं झालं आलीस, माझे हातपाय गार पडलेत." ती माझ्या शेजारी बसली आणि कानाशी वाकली. "तुझी ती नकोशीपण बघायला मिळेल. मला वाटतं ती यायचीच नाही."

नाना पलीकडच्या खुर्चीवर होते. अश्लेषाला कुजबुजता येत नाही, सगळं त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिली मुलगी उठली, तिचं झालं. दुसरी उठली, तिचंही झालं.

"नकोशी गेणू बोराटे!"

हॉलमध्ये खुसखुस झाली. तीच, मागच्या बाकांवरची. एवढी शिकलेली मंडळी, पण हसायची जागा त्यांनाही तीच सापडली.  उठायचं ठरवलं होतं, रात्रंदिवस तेच ठरवत होते, तरी मी उठले नाही.

"नकोशी बोराटे आहेत का?"

अश्लेषानं माझं मनगट घट्ट धरलं. "नाही आली, नाही आली," ती डोळे मिटून पुटपुटत होती. मी नानांकडं बघितलं. ते स्वतःच्या चपलांकडं बघत होते. त्यांनी मान वर केली नाही, मला ऊठ म्हणाले नाहीत. कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

"शेवटचं बोलावतोय. नकोशी गेणू बोराटे! नाहीतर गैरहजर लावतो."

गैरहजर. त्या एका शब्दानं मला जागं केलं, दुसऱ्या कशानं नाही. मी उठले.

"हजर," मी म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले, सगळा हॉल वळला. मनगटावरचा अश्लेषाचा हात सुटला. तिच्या तोंडाकडं बघायची माझी छाती झाली नाही.

साहेबांनी गॅझेट पाहिलं, आधार पाहिलं, गुणपत्रिका उलट्यासुलट्या केल्या. मग त्यांनी नानांना पुढं बोलावलं आणि मला म्हणाले, "तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही."

"आबा, ही तुमची कोण?"

"मुलगी."

"कितवी?"

"तिसरी."

"शाळा?"

नानांनी शाळा सांगितली, साल सांगितलं, मालतीबाईंचं नावसुद्धा सांगितलं. कुठं अडखळले नाहीत.

"हिचं नाव काय?"

नानांनी टोपी सारखी केली.  "पर," ते म्हणाले आणि थांबले. "परति..." पुन्हा थांबले. कारकुनानं माइक बाजूला ठेवला. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, आणि त्या टोपणाचा आवाज मला नीट ऐकू आला. संपलं, असं वाटलं. पाचव्या नंबरला बोलावतील आता.

"आबा, पोटच्या मुलीचं नाव सांगायला एवढा वेळ लागतो?"

"सायेब, जीभ वळत न्हाय माझी," नाना म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "बारा वर्सं झाली, म्हून तर हाक मारली न्हाय तिला. म्या वाकडं म्हनायचं आन् पुन्ना लोकं तिला हसायची. एकदा म्याच लोकांस्नी तिला हसायला लावलंया. दुसऱ्यांदा कशाला?"

 नानांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ आधी नुसतेच हलले, गाडीत हलत होते तसे. देवाचं नाव नव्हतं ते.

"परतिक्शा," ते म्हणाले. मग आणखी एकदा, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं. "परतिक्शा गेणू बोराटे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"आणि आधीचं?" साहेबांनी विचारलं.

"आधीचं सोपं हुतं," नाना म्हणाले. "त्ये इचार न करता ठेवल्यालं."

साहेबांनी टोपण काढलं. सही केली, शिक्का मारला, गॅझेटची प्रत माझ्या अर्जाला टाचली. "अर्जात चूक कशी झाली?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, वाचला नव्हता. ते म्हणाले, वाचत जा.

चौथी मुलगीही आली होती, कागद बरोबर होते. पाचव्या नंबरला बोलावलंच नाही. दाराशी अश्लेषा उभी होती. तिला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक, पण तिनं विचारलं एवढंच, "निहारच्या त्या ह्यानं चुकीचं भरलं का गं?"

"नाही," मी म्हणाले. "त्यानं बरोबर भरलं होतं. मीच तुला खोटं सांगितलं."

ती मान हलवून गेली. उद्या लॅबमध्ये ती बोलेल की नाही, याची भीती मला स्टँडपर्यंत पुरली.

बारामतीच्या स्टँडवर दुपारची ही गर्दी. मी पाण्याची बाटली घ्यायला थांबले, तेवढ्यात इंदापूरची गाडी लागली आणि लोक दारावर तुटून पडले. नाना दिसेनात. मी घाबरून गाडीभोवती फिरायला लागले. तेव्हा मागच्या खिडकीतून पांढरी टोपी बाहेर आली. शेजारच्या सीटवर बियाण्याची पिशवी टाकून ते दोन्ही हातांनी जागा धरून बसले होते.

"परतिक्शा!" नाना ओरडले. सगळा स्टँड ऐकत होता. "ए परतिक्शा! हिकडं ये, जागा धरलीया!"

कॉलेजच्या दोन पोरी त्या उच्चाराला तोंडावर हात ठेवून हसल्या. हसू देत. मी गर्दीत शिरले.